सावजी मटन बॅगेत न्यायचं का? जर्मनीत मटनाचं लेबल कसं वाचायचं?

भाऊ, तुमचे प्रश्न दोन: नागपूरहून म्युनिकला येताना घरचं सावजी मटन आटवून, व्हॅक्यूम पॅक करून आणता येईल का, आणि इथलं बाहेरदेशी मटन तपासलेलं असतं का.

आणायचं नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ बंद आहेत. शिजवलेलं असो की डबाबंद. भीती लाळ-खुरकूतसारख्या जनावरांच्या रोगांची आहे. म्हणजे तूप, खवा, पनीरही बाद. लपवून आणलं आणि सापडलं, तर माल जातोच, वर दंड होऊ शकतो. सुके बोंबील मात्र चालतात. दळलेला कोरडा मसाला नागपूरच्या इतवारी बाजारातून खुशाल घ्या. फक्त दुबईत विमान बदलणार असाल तर खसखस टाळा, तिथे तिच्यावर बंदी आहे.

आता तपासणी. प्रत्येक पाकीट कोणी फोडून बघत नाही. मंजूर देश, मंजूर कत्तलखाना आणि तिथल्या सरकारी पशुवैद्यकाचा दाखला, एवढं असेल तरच माल येतो. सीमेवर कागदपत्रं प्रत्येक खेपेची बघतात, नमुने काहींचेच घेतात. ताज्या कोंबडीच्या 25 ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूचे दोन ठरावीक प्रकार नसावेत अशी अट आहे; बाकी जंतू असू शकतात. म्हणून चिकन नळाखाली धुण्याची आपली सवय सोडा, शिंतोड्यांनी सगळा ओटा बाटतो. आतपर्यंत 70 अंशांवर निदान 2 मिनिटं शिजू द्या.

लेबलवर सगळ्यांची गफलत होते ती लंबगोल शिक्क्यात. त्यात ‘डीई’ (जर्मनीचं संक्षिप्त नाव) दिसलं म्हणजे जनावर जर्मन, असं नाही. शेवटची कापणी किंवा पॅकिंग कुठे झाली, एवढंच तो सांगतो. खरी माहिती दोन ओळींत: ‘आउफगेत्सोगन इन’ म्हणजे वाढवलं कुठे, ‘गेश्लाख्टेट इन’ म्हणजे कापलं कुठे. मेंढी, बोकड, डुक्कर आणि कोंबडीला 2015 पासून हे बंधनकारक आहे. बीफवर जन्माचा देशही लागतो. बाहेरून आलेल्या मटनावर कधी वाढवल्याच्या ओळीत नुसतं ‘युरोपीय संघाबाहेर’ असतं, पण कापल्याचा देश लिहावाच लागतो. गोठवलेल्या मांसावर गोठवल्याची तारीखही शोधा.

देश लिहिण्याचा हा नियम साध्या मांसापुरताच. मसाला चोळलेले तुकडे, सॉसेज, कबाब यांना तो लागू नाही. तेव्हा साधं मटन घ्या, मसाला घरी लावा. हलालचा शिक्का खाजगी संस्था देतात. तो सरकारी तपासणीचा पुरावा नव्हे.

न्यूझीलंडचं व्हॅक्यूम पॅक मटन फोडलं की जांभळट दिसतं, आंबूस वास येतो. 20 मिनिटं उघडं ठेवा. रंग लाल झाला, वास उडाला तर चांगलं. वास तसाच राहिला आणि बोटाला चिकट लागलं, तर पावतीसकट परत करा.