नंदुरबारच्या डोंगरात, धडगावकडच्या आश्रमशाळेत गणित-विज्ञान शिकवायला जावं का? तिथे या विषयांचे शिक्षक टिकत का नाहीत?

ताई, घर चोपड्याला, बी.एड. नुकतं झालंय आणि तासिकेवर बोलावलंय असं लिहिलंत. जा. ‘टिकत का नाहीत’ला सगळे ठरलेलं उत्तर देतात: रस्ता नाही, रेंज नाही. मला ते पटत नाही.

मी त्याच डोंगरात, तोरणमाळच्या अंगाला एका शाळेत विज्ञान शिकवायचो. एकदा पाण्याचा उत्कलनांक मोजायला घेतला. स्पिरिटचा दिवा, चंचुपात्र, तापमापी. पाणी खळखळ उकळतंय आणि पारा 96 च्या आसपास अडलेला. पोरं म्हणाली, सर, तापमापी खराब. दुसरी लावली, तीही तिथेच. तोरणमाळ सुमारे 1,150 मीटरवर, हवेचा दाब कमी, पाणी शंभराच्या आधी उकळणारच. मी लगेच काही बोललो नाही. वसतिगृहाच्या स्वयंपाकीण मावशींना वर्गात बोलावलं. खाली शहाद्याला डाळ लवकर शिजते, इथे लाकडं जास्त जळतात, ही त्यांची रोजची कुरकुर. त्या पावरीत, म्हणजे पोरांच्या घरच्या आदिवासी बोलीत बोलल्या आणि पोरांच्या डोक्यात उजेड पडला. ‘दाब’ मी फळ्यावर नंतर लिहिलं.

पुढे तपासणीला एक साहेब आले. पाणी किती अंशाला उकळतं? एक पोरगी ताडकन म्हणाली, इथे शहाण्णवला, शहाद्याला जास्त. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, ‘मूलभूत ज्ञान कच्चे’. मी उंची-दाबाचं सांगायला लागलो तर म्हणे, परीक्षेत शंभरच लिहायचंय ना? समुद्रसपाटी म्हटलं असेल तर शंभर, साहेब. प्रश्न तुम्ही तोरणमाळला उभं राहून विचारलात, म्हणून पोरगी बरोबर. तेव्हाही हेच म्हणालो, आजही म्हणतो. शेरा काही खोडला गेला नाही.

माझ्याबरोबरचे काही जण असल्या शेऱ्यांनीच खाली उतरले. तोरणमाळला चढणारा सात पायऱ्यांचा घाट तर अंगवळणी पडतो हो.

बाकी धोरणाचं म्हणाल, तर जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला 2017 च्या बदली धोरणाने अवघड क्षेत्रात 3 वर्षं काढली की बदली मागायचा हक्क दिला. माणुसकीला धरून आहे, पण पोरांची भाषा कळायला लागते न लागते तोच मास्तर निघतो. आणि बी.एड. 2015 पासून 2 वर्षांचं केलं, तरी माझ्या पाहण्यातले छात्रशिक्षक सराव पाठ गावातल्या भरल्या शाळेतच घेतात. नववीच्या पोराला हातच्याची वजाबाकी येत नसेल तर बीजगणिताचा तास कुठून सुरू करायचा, हे कुठल्या पाठटाचणात बसतं? तुमच्या प्राध्यापकांना विचारून बघा. त्यापेक्षा पहिल्या महिन्यात पावरीतले आकडे, मापं, ‘जास्त-कमी’ एवढं मोठ्या पोरांकडून शिकून घ्या.

आता एक सांगायचं राहिलं. मी तेव्हा सडाफटिंग होतो आणि पगारी नोकरीत होतो. तुमचं तसं नाही. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला 2023 पासून महिन्याला 18,000 तरी ठरलेले आहेत. तासिकेवाल्याला तास झाला तर पैसे, सुट्टीत काही नाही. राहायची खोली शाळेच्या आवारात आहे का, तिथे दुसरी बाई शिक्षिका आहे का, पाणी कुठून आणायचं, हे स्वतः जाऊन बघून या, फोनवर विश्वास ठेवू नका. मानधन किती महिन्यांनी निघतं ते मात्र कार्यालयात विचारू नका, तुमच्या आधी जे तिथे होते त्यांना विचारा.