चिपळूणसारख्या शहराचा आपत्ती आराखडा किती वर्षांनी बदलावा?

दरवर्षी, आणि तोही मे संपायच्या आत. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ३१ नुसार जिल्हा आराखड्याचा आढावा दरवर्षी घ्यावाच लागतो. नगरपरिषदेनंही तोच नेम पाळावा.

पण नुसते अधिकाऱ्यांचे फोन नंबर बदलले म्हणजे आराखडा नवा झाला असं नाही. खरं काम आहे पाण्याच्या हिशोबाचं. शहराजवळून वाहणाऱ्या वाशिष्ठी नदीला अतिवृष्टीचं पाणी येतं, कोयनेच्या वीजनिर्मितीचं अवजल (वीज तयार करून झाल्यावर सोडलेलं पाणी) कोळकेवाडी धरणामार्गे येतं, आणि खाली खाडीला भरती असली की निचराच होत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर नदीतला गाळ काढला, म्हणजे पात्र बदललं. मग जुन्या पूररेषेवर कसं विसंबायचं? पात्राची मोजणी पुन्हा करा, पाणी सोडण्याचं आणि भरतीचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून इशाऱ्याची पातळी ठरवा.

मोठी घटना घडली तर पुढच्या मे महिन्याची वाट बघू नये. जुलै २०२३ मध्ये दरड कोसळली ती रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या यादीतच नव्हती. यादीत नाव नसलं की स्थलांतराचा विचारही होत नाही, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं. म्हणून नवीन डोंगरकाप, भराव, बुजवलेला पऱ्या (ओढा), जमिनीला पडलेली भेग, हे सगळं वाडीतल्या माणसांना विचारून नकाशावर घ्या.

मोबाइल बंद पडले तर निरोप कोण, कुठल्या वाडीत पोचवणार, तेही नावानिशी लिहा आणि जूनआधी एकदा रंगीत तालीम घ्या.