फ्लॅश चिपमधले १३, २६, ३९ आणि ५२ नंबरचेच रेकॉर्ड का बिघडतात?

तुमचा प्रश्न असा: एसटीएम३२ ब्लू पिल या मायक्रोकंट्रोलर बोर्डला डब्ल्यू२५क्यू६४ ही फ्लॅश मेमरी चिप जोडली आहे, चिपचा ओळख क्रमांक म्हणजे आयडी नीट येतो, पण २० बाइटच्या रेकॉर्डपैकी १३, २६, ३९ आणि ५२ बिघडतात, ६५वा मात्र ठीक. चिप डुप्लिकेट आहे का?

चिप बदलू नका. आयडी ईएफ ४० १७ येतोय, बाकीचे रेकॉर्डही शाबूत दिसतात, म्हणजे जोडणीत खोट नाही. गंडलाय तो २० हा आकडा.

ही चिप २५६ बाइटच्या पेजमध्ये लिहिते. लिहिता लिहिता पेज संपलं की ती पुढच्या पेजवर जात नाही, त्याच पेजच्या सुरुवातीला वळते. तुमचा १३वा रेकॉर्ड २४०व्या पत्त्यावर सुरू होतो. त्याचे १६ बाइट नीट बसले आणि उरलेले ४ जाऊन पडले पहिल्या रेकॉर्डच्या डोक्यावर. फ्लॅशमध्ये इरेज न करता, म्हणजे आधीचं न पुसता, लिहिलं तर १ चा ० होतो, ० चा १ कधीच नाही. म्हणून तिथे जुनं आणि नवं यांची खिचडी सापडेल. ६५वा वाचला, कारण ६४ गुणिले २० म्हणजे १२८०, बरोबर पाच पेज. तिथे रेकॉर्ड आणि पेज एकाच रेषेवर येतात. पटत नसेल तर १, १४, २७ आणि ४० यांचे पहिले चार बाइट हेक्समध्ये छापून बघा. तेही खराब निघतील, फक्त तुमचं लक्ष गेलं नसेल.

वाचताना हे बंधन नाही, अख्खे ८ एमबी सलग वाचता येतात. त्यामुळे माणूस लिहिण्याच्या कोडवर संशयच घेत नाही.

उपाय: रेकॉर्ड ३२ बाइटचा करा, २५६ च्या पेजमध्ये असे बरोबर आठ बसतात. १२ बाइट वाया जातात म्हणून हळहळू नका, त्यात अनुक्रमांक आणि सीआरसी (नोंद बिघडली का ते ओळखायचा तपासणी आकडा) टाका. दर दहा मिनिटांनी एक रेकॉर्ड धरला तरी चिप भरायला जवळजवळ पाच वर्षं लागतात.

आता पुढचा खड्डा, ज्यात मी स्वतः पडलोय. मामाच्या कांदाचाळीत तापमान-आर्द्रतेचा लॉगर लावला होता. ‘पुढचा रेकॉर्ड कुठे लिहायचा’ तो पत्ता मी एका ठरलेल्या सेक्टरमध्ये (एका वेळी इरेज होणारा चिपचा तुकडा) ठेवायचो आणि दर वेळी ४ केबीचा तो सेक्टर इरेज करून पुन्हा लिहायचो. डेटाशीटमध्ये एका सेक्टरला एक लाख इरेज दिलेत. दिवसाला १४४ म्हणजे दोन वर्षंसुद्धा नाही. पण तितकी वाट बघावीच लागली नाही. एका रात्री नेमकी इरेज चालू असताना लाइट गेली आणि पत्ताच पुसला गेला. सकाळी लॉगर शून्यापासून जुन्या नोंदींवर लिहीत होता. तेव्हापासून पत्ता साठवतच नाही. चालू झाल्यावर अनुक्रमांक आणि सीआरसी बघून शेवटची धड नोंद शोधतो, आणि पुढचा सेक्टर त्यात शिरायच्या आधी इरेज करतो.

बाकी किरकोळ. राइट इनेबलची कमांड, हेक्स ०६, प्रत्येक लिहिण्याआधी आणि इरेजआधी वेगळी द्यावी लागते, तिच्यानंतर सीएस, म्हणजे चिप निवडायची पिन, एकदा वर नेऊन. मग चिप कामात असल्याचं सांगणारा स्टेटसचा बिझी बिट उतरेपर्यंत थांबा. इरेजला कधी कधी ४०० मिलिसेकंदही लागतात. डब्ल्यूपी (लिहिणं रोखणारी) आणि होल्ड (काम थांबवणारी) या पिना लोंबकळत असतील तर ३.३ व्होल्टला बांधून टाका.