शाळेची घसरगुंडी: पॅच मारायचा की नवीन घ्यायची?

प्रश्न: ताई नमस्कार, आमच्या मुलांच्या शाळेत घसरगुंडी, दोन झोके आणि चढायची लोखंडी शिडी आहे, सगळं बारा वर्षं जुनं, एका खांबाला बुडाशी भोक पडलंय. शाळा म्हणते बजेट नाही, पालक करत असतील तर करा. आम्ही चौदा पालकांनी वर्गणी काढली, ९० हजार जमलेत. लोहामंडीतला वेल्डर म्हणतो पॅच मारून रंग देतो, १५ हजारांत होईल. अर्धे पालक म्हणतात तेच करू आणि उरलेल्या पैशांत अजून एक झोका घेऊ. काय करावं?
– एक आई, इंदूर

उत्तर: आधी एक काम उद्याच करा, त्या खांबाजवळ मुलं जाणार नाहीत असं दोरी बांधून बंद करा, मीटिंगची वाट बघू नका. पाइप पोकळ असतो, तो आतून गंजतो आणि बाहेर रंग चकाचक दिसतो, म्हणून सगळ्या खांबांना बुडाशी हातोडीने ठोकून बघा, जिथे बद्द आवाज येईल किंवा पत्रा दबेल तिथला पाइप संपलाय. अशा पातळ झालेल्या पाइपवर वेल्डिंग धरत नाही, शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच परत सुरू होतो. तेव्हा पॅच नको, आणि तिसरा झोका तर अजिबात नको.

खरं सांगू, आमच्या वेळी आम्ही सगळी वर्गणी घसरगुंडीवरच घातली, खाली तीच कडक जमीन ठेवली, आणि पहिल्याच महिन्यात एका पोराचा हात मोडला. ते मला अजून टोचतं. म्हणून तुमचे पैसे आधी जमिनीसाठी बाजूला काढा. धुतलेली बालू रेती, निदान एक फूट खोल, आणि सांगाड्याच्या चारी बाजूंनी सहा फुटांपर्यंत, झोक्याच्या पुढे-मागे तर आडवा पाइप जितका उंच त्याच्या दुप्पट जागा मोकळी लागते. दगडाची चुरी स्वस्त मिळते म्हणून ती टाकू नका, ती दबून फरशीसारखी घट्ट होते. आपल्या माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि खांब हलतात, त्यामुळे पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्या असं ठेकेदाराला आधीच सांगून लिहून घ्या, आणि रेतीखाली पाणी निघायला उतार काढा नाहीतर जुलैमध्ये तिथे तळं होईल. जुने खांब जमिनीलगत कापून सोडतात लोक, ते चालणार नाही, काँक्रीटसकट उपटून काढायचे.

नवीन सामान घेताना स्वतः टेप घेऊन जा. कठड्याच्या किंवा शिडीच्या दांड्यांतली फट साधारण ९ ते २३ सेंटिमीटरमध्ये असेल तर छोट्या मुलाचं अंग त्यातून जातं आणि डोकं अडकतं, ती फट एकतर कमी हवी नाहीतर चांगली मोठी. पत्र्याची घसरगुंडी असेल तर ती उत्तरेकडे तोंड करून किंवा कडुलिंबाच्या सावलीत बसवा, एप्रिलच्या दुपारी पोरांच्या मांड्या भाजतात हो.

पैशांचं म्हणाल तर कुणा एका पालकाच्या खात्यात ठेवू नका, भांडणं तिथूनच होतात. शाळेच्या ट्रस्टच्या खात्यात भरा, प्रत्येकाची पावती घ्या, टॅक्सची सूट हवी असणाऱ्यांनी २,००० च्या वर कॅश देऊ नये. आणि वस्तू शाळेच्या मालकीची होणार, दर वर्षीची तपासणी शाळा करणार, हे मुख्याध्यापकांकडून लेटरहेडवर घ्या, नुसतं तोंडी नको. ९० हजारांत सगळं बसत नसेल तर या वर्षी रेती, पाया आणि फक्त घसरगुंडी करा, झोके पुढच्या वर्षी.

रेतीत मांजरी घाण करतात, म्हणून रात्री ताडपत्री टाकायला चौकीदाराला सांगा, आणि शनिवारी दोन-दोन पालकांची पाळी लावून रेती दाताळ्याने सारखी करा, घसरगुंडीच्या तोंडाशी आणि झोक्याखाली ती सगळ्यात आधी सरकते.