वनसंशोधनाचा पैसा : सूत्राने की स्पर्धेने?

प्रश्न : ताई, वनसंशोधनाचा सरकारी पैसा ठरलेल्या सूत्राने वाटला की आळशांचं फावतं, प्रस्ताव मागवून उत्तमालाच द्यावा, असं मी वर्गात म्हटलं. वाद झाला. तुम्हाला काय वाटतं? – वनशास्त्राचा एक विद्यार्थी

उत्तर : निम्मं पटलं. अमेरिकेतला १९६२ चा मॅकिन्टायर-स्टेनिस कायदा बघा. त्यातला पैसा राज्याराज्यांतल्या वनशिक्षण संस्थांना सूत्राने जातो. सूत्रात काय धरतात? संघराज्याच्या मालकीचं नसलेलं व्यापारी जंगल किती, दरवर्षी लाकूड किती तुटतं आणि राज्यातून संशोधनावर किती खर्च होतो. म्हणजे जास्त तोडा, जास्त मिळवा! पण तेवढीच रक्कम संस्थेला दुसरीकडून उभी करावी लागते, तेव्हा अगदीच आयतं नाही.

आता तुमची स्पर्धा. प्रस्ताव तपासायला मी काही वर्षं बसले आहे. ज्यांच्याकडे प्रस्ताव लिहायलाच माणूस असतो, त्यांचा कागद गुळगुळीत असतो आणि आपण नकळत त्याला गुण देतो. शिवाय अशा निधीची मुदत बहुधा तीन वर्षांची, आणि झाडांची मोजणी त्याहून लांब चालते.

आम्ही खोडावर १.३७ मीटर उंचीवर रंगाचा पट्टा मारून दर पाच वर्षांनी घेर मोजायचो. एका फेरीला निधीच आला नाही. पुढच्या फेरीला गेलो, तर पट्टे सालीबरोबर गळलेले, क्रमांकाचे पत्रे खोडाने अर्धे गिळलेले. कुठलं झाड कुठलं, हे जुळवण्यातच दोन दिवस गेले. मेलेली झाडं नक्की कधी मेली, ते कायमचं हुकलं.

तरी दोष स्पर्धेचा म्हणवत नाही. न्यू हॅम्पशरमधल्या हबर्ड ब्रुकच्या जंगलात १९६३ पासून ओढ्याच्या आणि पावसाच्या पाण्याची रासायनिक तपासणी चालू आहे. उत्तर अमेरिकेतला आम्लपाऊस तिथल्या नोंदींतून उघड झाला. तिथला बराचसा पैसा पुढे स्पर्धेतूनच आला, पण सहा-सहा वर्षांच्या मुदतीने आणि नूतनीकरणाची सोय ठेवून. नवी कीड पसरली तर स्पर्धेचा पैसा नेमक्या जागी जातो, हेही खरं. माझं भांडण मुदतीशी आहे. मोजणीचा नेमाचा खर्च सूत्रातून द्या, नवे प्रश्न स्पर्धेवर सोडा.

आणि पुढे तुम्ही प्रस्ताव लिहाल, तेव्हा पट्टे पुन्हा रंगवायचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवा. समितीत तो हमखास कापतात. मीही कापला आहे.