चिवीता द'आंतीनोतले डॅनिश पाहुणे

प्रश्न: ताई, पूर्वी परदेशी चित्रकार उन्हाळाभर इटलीतल्या खेड्यात जाऊन राहायचे म्हणे, त्यांचं राहणं-जेवणं कसं व्हायचं?

उत्तर: इटलीच्या अब्रुत्सो भागातलं डोंगरावरचं चिवीता द'आंतीनो घ्या ना. डेन्मार्कचे चित्रकार क्रिस्टियान झार्टमान १८८३ मध्ये तिथे पहिल्यांदा गेले आणि मग १९११ पर्यंत परत परत जात राहिले, पुढे तर विद्यार्थ्यांनाही उन्हाळ्यात सोबत न्यायचे, मुक्काम चेरोनी कुटुंबाकडे आणि चित्रांसाठी मॉडेल म्हणजे गावातलीच माणसं, त्यामुळे नातं नुसतं भाडेकरूचं राहिलंच नाही. १९०२ मध्ये गावाने त्यांना मानद नागरिक केलं, मला हे फार भावतं. पण १३ जानेवारी १९१५ च्या भूकंपाने ते गाव उद्ध्वस्त केलं, आणि झार्टमान तेव्हा हयात होते हो.