नवीन विमानं येणार म्हणतात, तेव्हा...

क्रू रूममध्ये 'पुढच्या वर्षी दहा एटीआर (छोटी पंख्याची प्रवासी विमानं) येणार' असं कानावर आलं की को-पायलट म्हणून लगेच कमांडची, म्हणजे कॅप्टन होण्याची स्वप्नं बघू नकोस. आधी विचार, पक्की ऑर्डर आहे, ऑप्शन आहे की नुसता इरादापत्राचा कागद? ऑप्शन म्हणजे फक्त हक्क राखून ठेवणं. तो सोडूनही देता येतो. आणि नवीन विमानं जुन्यांच्या जागी येत असतील तर कॅप्टनच्या जागा वाढतच नाहीत. मीही एकदा अशाच बातमीवर विसंबून दुसरीकडची चांगली संधी सोडली. विमानं आली, पण तितकीच जुनी विमानं लीज (भाडेकरार) संपून परत गेली!

खरी खूण भरतीत दिसते. एका विमानाला साधारण पाच-सहा जोड्या (कॅप्टन आणि को-पायलट) वैमानिक लागतात, त्यांच्या टाइप रेटिंगला (त्या प्रकारचं विमान उडवण्याच्या पात्रतेला) आणि लाइन ट्रेनिंगला (प्रत्यक्ष उड्डाणांवर देखरेखीखाली होणाऱ्या प्रशिक्षणाला) महिने जातात. सिम्युलेटरचे स्लॉट घेतलेले नसतील, तर विमानं इतक्यात येत नाहीत. ट्रेनिंग कॅप्टनला चहाच्या वेळी सहज विचार, तो व्यवस्थापनापेक्षा खरं सांगतो.

तोवर एटीपीएलचे (कॅप्टन व्हायला लागणाऱ्या परवान्याचे) 1500 उड्डाण तास पूर्ण कर, लॉगबुक चोख ठेव. एटीआरसारख्या टर्बोप्रॉपवरून जेटवर जायचं असेल तर बाँडची (ठरावीक काळ कंपनी न सोडण्याच्या कराराची) मुदत मात्र नीट वाच.